अडतं ते बहुधा सीव्हीवर
'पीएचडी म्हटलं की कंपन्या ओव्हरक्वालिफाइड म्हणून बाजूला सारतात' असं पीएचडीनंतर कंपनीत नोकरी शोधणारे बरेचदा म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. बरेचदा अडतं ते सीव्हीवर. शोधनिबंधांच्या यादीसकट सहा पानं तशीच पाठवली की चाळणाऱ्याला कामाचं काही सापडत नाही. दोन पानांत बसवा. 'प्रथिनांच्या शुद्धीकरणावर संशोधन' असं मोघम नको. 'एचपीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करायचं तंत्र) नवी पद्धत बसवली, एका नमुन्याचा वेळ ४० मिनिटांवरून १२ वर आणला' असं जे खरोखर केलं ते आकड्यांत लिहा. निबंधांच्या यादीला एक दुवा पुरतो.

आणि कृपया प्रबंध जमा करायच्या निदान वर्षभर आधी नोकरीच्या शोधाला सुरुवात करा. हव्या त्या क्षेत्रातल्या माणसांकडे वीस मिनिटं मागा. नोकरी नाही, त्यांचा आठवडा कसा जातो ते विचारा. जाहिरातीत ते कधीच लिहिलेलं नसतं.