मूल 'व्हिज्युअल लर्नर' निघालं म्हणून पुस्तक बाजूला ठेवायचं का?

नववीची_आई:
मुलगा नववीत आहे. मागच्या महिन्यात क्लासवाल्यांनी साडेतीन हजार घेऊन टेस्ट केली आणि रिपोर्ट दिला की हा 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघून शिकणारा. तेव्हापासून पुस्तक उघड म्हटलं की "आई मला वाचून नाही कळत, मी व्हिज्युअल आहे" आणि यूट्यूब सुरू. परवा तासभर हृदयावरचे व्हिडिओ बघितले, मी कोरा कागद दिला आणि म्हटलं आता काढ, रक्त कुठून येतं कुठे जातं ते बाण काढून दाखव. डावं-उजवं उलटं झालं आणि फुप्फुस धमनी तर काढलीच नाही. रडवेला झाला हो, म्हणाला बघताना सगळं येत होतं. माझं मत झालंय की असले शिक्के पोरांचं नुकसान करतात. तुमचं काय?

दोन_लेकींचा_बाबा:
ताई, नाही पटलं. माझी थोरली पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली की झालं, धाकटी दहा मिनिटं एका जागी टिकत नाही. तिला इतिहासाचे धडे स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावले, शाळेच्या बसमध्ये ऐकते, सहामाहीला २० पैकी १६ आले, आधी ९ होते. सगळ्या पोरांना एकाच काठीनं हाकायचं म्हणजे पुन्हा तीच जुनी शाळा. टेस्टवाले पैसे उकळतात हे मान्य, पण मुलं वेगवेगळी असतात हे खोटं कसं म्हणणार?

खडू_फळा:
२२ वर्षं विज्ञान शिकवतोय म्हणून बोलतो. मुलं वेगळी असतात, आवड वेगळी असते, यात वादच नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याचा, की बघणाऱ्याला दाखवून आणि ऐकणाऱ्याला ऐकवून शिकवलं तर जास्त येतं. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची 'वार्क' प्रश्नावली १९९२ सालची, बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं, हातानं करणं असे शिकण्याच्या शैलीचे चार गट, ती जगभर पसरली. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले तर ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो असा धड पुरावा मिळाला नाही. २०१८ मध्ये इंडियाना विद्यापीठात शरीररचनेच्या विद्यार्थ्यांवर पाहिलं, बहुतेक जण आपल्या शैलीप्रमाणे अभ्यास करतच नव्हते आणि जे करत होते त्यांनाही जास्त मार्क नव्हते. माझ्या मते शैली मुलाची नसते, विषयाची असते. नकाशा बघावाच लागतो, कविता कानावर पडावीच लागते आणि गणित हातानं सोडवल्याशिवाय कुणाला येत नाही. पाढे आपण सगळे म्हणूनच शिकलो ना, तेव्हा कुणी विचारलं होतं का तू ऐकणारा की बघणारा?

दोन_लेकींचा_बाबा:
सर, मग माझ्या लेकीचे ७ मार्क कुठून वाढले? ते अभ्यास कॉलेजच्या पोरांवरचे, ती आधीच अभ्यासाला बसणारी. आमच्याकडे मूल बसवणं हेच मोठं काम असतं.

खडू_फळा:
तिनं रेकॉर्ड केलं म्हणजे आधी धडा वाचला, महत्त्वाचं निवडलं, मोठ्यानं सांगितलं. माझ्या मते मार्क तिथे वाढले, बसमधलं ऐकणं नंतरचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, एका गटानं उतारा चार सत्रं नुसता वाचला, दुसऱ्यानं एक सत्र वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. तुमच्या मुलाचं तेच झालंय ताई, बघताना 'येतंय' वाटतं ते पाच मिनिटांचं येणं.

सोलापूरची_लेक:
सर तुमचं पटतंय, पण हे ऐकून कुणी "सगळ्यांनी सारखंच वाचा" म्हणायला नको. माझ्या भावाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, आहे हे आठवीत कळलं, तोवर आळशी, मठ्ठ सगळं ऐकून झालं होतं. त्याला धडा वाचून दाखवला की तो सगळी उत्तरं तोंडी द्यायचा.

खडू_फळा:
बरोबर, आणि ते वेगळंच आहे. तिथे रीतसर तपासणी होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, परीक्षेत सवलत मिळते. ४० प्रश्नांच्या टेस्टनं ते कळत नाही. बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारे तर त्याहून वाईट, त्यांच्यापासून लांबच राहा.

दोन_लेकींचा_बाबा:
रेकॉर्डिंग मी बंद करणार नाही, तिला ते आवडतं. पण फोन न लावता सांग बघू, हे आजपासून विचारतो.

नववीची_आई:
काल रात्री तोच व्हिडिओ लावला, दर पाच मिनिटांनी थांबवून कोरा कागद पुढे. तिसऱ्या कागदावर फुप्फुस धमनी आली, बाणही बरोबर. झडपा राहिल्यात, त्या आज बघतो म्हणाला.