रापणीवरचा माहितीपट: तिघांचं एडिटिंग आणि उलटसुलट सूचना

मालवणी_कट: कॉलेजसाठी रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी) १२ मिनिटांचा माहितीपट करतोय. शूट मालवण-देवबागकडचं, काही कॅमेऱ्यावर सेकंदाला २५ फ्रेम्सने, काही मोबाईलवर. तिघं मिळून डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीवर एडिट करतोय. पहिला कट बघून एक सर म्हणाले, मधे रेंगाळतं, निवेदन घाला. दुसरे म्हणाले, निवेदन नकोच. त्यात प्रोजेक्ट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नेला की सगळं ‘मीडिया ऑफलाइन’. काय करावं?

वेळागर: ‘निवेदन घाला’ हा उपाय झाला. दुखणं ‘रेंगाळतं’ हे आहे, पण कुठे? वर्कस्पेस मेनूतल्या डेटा बर्न-इनने टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ) पडद्यावर आणा आणि ती प्रत एक्स्पोर्ट करून पाठवा. सरांकडून दोनच गोष्टी लिहून घ्या: टाइमकोड आणि तिथे काय वाटलं. दोघांचं बोट एकाच जागी पडलं तर आधी ती जागा.

माझा अंदाज, ती जागा दोर ओढण्याची असणार. हात, पाय, घाम, परत हात, आणि पुढे काहीच सरकत नाही. होडीने जाळं अर्धगोलात सोडलंय आणि त्याची दोन टोकं दोन टोळ्या ओढतायत, हे एका वाइड शॉटमध्ये आधी दिसू दे. जाळं जवळ येतं तशा टोळ्याही एकमेकींकडे सरकतात. शॉट त्याच क्रमाने लावा, म्हणजे निवेदनाचा वाद बहुतेक तिथेच मिटेल.

टाइमलाइन_२५: ऑफलाइनचं कारण साधं आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतं, फक्त त्याचा पत्ता असतो. तिघांकडे फुटेजची हुबेहूब प्रत ठेवा, फोल्डरची नावंसुद्धा तीच. मग मीडिया पूलमध्ये (रिझॉल्व्हमध्ये सगळ्या क्लिप दिसतात ती जागा) क्लिप निवडून राइट-क्लिक, रीलिंक. एडिट सुरू झाल्यावर फाइलची नावं बदलू नका.

मोबाईलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम्स) बहुधा कमीजास्त होत असतो, म्हणून लांब मुलाखतीत आवाज ओठांपासून सुटतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, २५ करून मगच आत घ्या. ३० फ्रेम्सचे २५ करताना पॅन शॉट थोडे झटके खातात, बोलणाऱ्या माणसाला फरक पडत नाही.

आणि एका वेळी टाइमलाइनवर हात एकाचाच. बाकीच्या दोघांनी मुलाखती टाइमकोडसकट लिहून काढाव्यात, मालवणीची सबटायटल्स करावीत.

मालवणी_कट: वाइड शॉटच नाहीये! जूनमध्ये घेऊ का? आणि प्रत्येक कटला लाटांचा आवाज उडी मारतो.

वेळागर: जूनमध्ये नको. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना असते, पण पावसाळी समुद्र आणि आभाळ तुमच्या शॉटशी जुळायचं नाही. त्याआधीच उरका, दिवसाच्या त्याच वेळी.

टाइमलाइन_२५: लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) ८०-१०० हर्ट्झला लावलात तर वाऱ्याची घरघर कमी होईल. गाज तशी जात नाही, ती माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेली असते. वाइड शॉटला जाल तेव्हा दोन मिनिटं नुसती गाज रेकॉर्ड करा आणि ती अख्ख्या प्रसंगाखाली अखंड पसरा. हे चित्राचे कट पक्के झाल्यावर, आधी नाही.