कच्चा सेट रीलवर फुटला तर?

प्रश्न: स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकवरचा (नवे जोक आजमावायचा खुला मंच) ५ मिनिटांचा कच्चा सेट (अजून न घोटलेले जोक) प्रेक्षकातल्या कुणी रीलवर टाकला. जोक मेला का?

उत्तर १: जोक वाचतो, पंच (शेवटची हशा पिकवणारी ओळ) जातो. तो ठाऊक असला की लोक सेटअपलाच (पंचआधीच्या मांडणीलाच) तो पुटपुटतात. विषय ठेवा, शेवट बदला. आधी क्लिप उतरवायची तक्रार करा: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८, कलाकाराचा हक्क. (व्याख्येत गारुडीसुद्धा आहे, तुम्हीही बसताच!)

उत्तर २: अमेरिकन कॉमेडियन डेव्ह शॅपेलच्या शोला फोन कुलूपबंद पिशवीत जातात. आपल्याकडे होस्टनंच आधी बजावावं.

उत्तर ३: स्वतः टाकताना फक्त क्राउडवर्क (प्रेक्षकांशी आयत्या वेळच्या गप्पा) टाका, लिहिलेलं राखा. मात्र मग तिकीट काढून आलेलेही मध्येच बोलू लागतात, आणि नव्या जोकची चाचणी तिथेच बोंबलते.