शफलवर काय लागलं, आणि ऐकताना काय झालं?

घरातल्या कॅसेट, सीड्या आणि कुणाकुणाकडून उतरवून घेतलेल्या फायली अखेर एका हार्ड डिस्कवर आणल्या. नाट्यपदं, जॅझ, निर्गुणी भजनं, कव्वाल्या, पाश्चात्त्य अभिजात, भाषाही ओळखता येत नाही अशी लोकगीतं, सगळं एकत्र. आता शफल लावते आणि पुढे काय येईल याचा पत्ता नसतो. तुम्हीही आपापला साठा असाच लावा आणि लिहा. समीक्षा नको. माहिती ओघात आली तर येऊ दे, पण ऐकताना तुम्हाला काय झालं ते आधी.

माझ्यापासून सुरुवात. रात्री साडेअकराला 'कॉल ऑफ द व्हॅली'मधला अहिर भैरव लागला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, १९६७ सालची रेकॉर्ड. मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून उलगडत जातो. आजवर ती नेहमी सकाळीच, कामं करता करता ऐकली आणि दरवेळी बासरीच्या मागे गेले. दिवे मालवल्यावर पहिल्यांदा गिटार ऐकू आली. इतकी वर्षं ती तिथेच होती, याची चुटपुट लागून राहिली.

*

तबला शिकतोय, सातवं वर्ष. माझ्याकडे 'टेक फाइव्ह' लागलं. डेव्ह ब्रुबेकच्या जॅझ चौकडीचं, पॉल डेस्मंडनं बांधलेलं, १९५९ मधलं. पाच मात्रा आहेत हे लगेच कळलं. झपताल हातात मुरलेला, त्यामुळे टाळी आपोआप दोन-तीन अशी पडायला लागली आणि दरवेळी जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं व्हायचं. चौथ्यांदा ऐकताना उलगडलं, इथे तीन आधी आहेत आणि दोन नंतर. विभाग फिरवला, टाळी चपखल बसली.

त्याहून मोठी गंमत पुढे. चौकडीतला ड्रमवाला जो मोरेलो एकटा वाजवतो तेव्हा पियानो आपलं तेच आवर्तन धरून बसलेला असतो, अगदी तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या लेहऱ्याच्या सुरावटीसारखा. म्हणजे ड्रमवाला कितीही लांब गेला तरी समेचा धागा आपल्या हातात राहतो. इतका आनंद झाला की तडक गुरुजींना फोन लावला. त्यांनी फोनवरच मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, "पुन्हा लाव."

*

फाइल खराब झाली असं वाटलं. ग्लेन गूल्ड वाजवतोय, बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, आणि पियानोच्या मागे कुणीतरी गुणगुणतंय. हेडफोन बदलले, तरी तेच. तो स्वतः गूल्डच आहे हे नंतर समजलं.

हे १९८१ मधलं ध्वनिमुद्रण. ह्याच रचना त्यानं १९५५ मध्ये साधारण ३८ मिनिटांत वाजवल्या होत्या, इथे ५१ लागतात. सुरुवातीची एरिया, म्हणजे मूळ धून, इतकी सावकाश की पुढचा सूर येईपर्यंत मी श्वास रोखून बसते, आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत त्याचा आवाज येतो. माझे वडील पेटी वाजवताना असंच करतात. ओठ मिटलेले आणि घशातून बारीक आवाज, बोटांच्या जरासा पुढे. त्यांना हा तुकडा ऐकवला. म्हणाले, "आधी गळ्यात येतो, मग बोटांत. त्याला तरी कुठे थांबवता येतंय!"

*

मला नाही चालत ते गुणगुणणं. दोनदा मनापासून प्रयत्न केला. पियानो ऐकायला बसलोय तर पियानोच हवा.

*

तुम्हाला 'अ डे इन द लाइफ'चा शेवटही चालणार नाही मग! बीटल्सचं, १९६७ मधलं. शेवटी अनेक पियानोंवर एकदम एकच स्वरमेळ आदळतो आणि चाळीस सेकंदांहून अधिक वेळ विरत राहतो. तो हरवू नये म्हणून ध्वनिमुद्रणाची पातळी चढवत नेली होती, त्यामुळे अगदी शेवटी स्टुडिओतली खुर्ची कुरकुरलेली ऐकू येते. मी खोलीत एकटाच होतो. मागे वळून पाहिलं.

*

इजिप्तची गायिका उम्म कुलसूम, 'इन्ता उम्री', १९६४, संगीत मोहम्मद अब्देल वहाबचं. मला अरबीतला एकही शब्द येत नाही. फाइल जवळपास तासाभराची, पुढे ढकलणारच होते. नुसती वाद्यंच वाजत राहिली, गाणारी बाई येईचना. मग ती आली.

एक ओळ घेतली. लोक ओरडले. तिनं तीच ओळ पुन्हा घेतली, मधल्या एका शब्दावर वेगळी जागा घेऊन. लोक आणखी ओरडले. तिसऱ्यांदा ती सुरावर इतकी रेंगाळली की श्रोत्यांमधून कुणाचा तरी विव्हळल्यासारखा आवाज आला, आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून "आहाहा" निघून गेलं. ठुमरीत एकाच बोलाचे अर्थ असे उलगडत जातात, ते ऐकतच वाढले. शब्द कळत नसतानाही दाद नेमकी कुठे द्यायची ते मला आणि त्या अनोळखी माणसाला एकदमच कळलं. कामं तशीच पडून राहिली, त्याचं काही वाटलं नाही.

*

गौहर जान. १९०२ सालच्या ध्वनिमुद्रणांपासूनची तिची सवय, तबकडी संपता संपता "माय नेम इज गौहर जान" असं खणखणीत सांगायची. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना गायिकेचं नाव कळावं म्हणून. गाणं खरखरीत बुडालेलं होतं, ते वाक्य मात्र शेजारी बसून बोलल्यासारखं. मी उगाच सावरून बसलो.

*

आज लागोपाठ दोन लागली. आधी अमेरिकन ब्लूज गायक ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट', १९२७ मधलं. त्यात शब्द गातच नाही तो. नुसता हुंकार, आणि तारेवरून घसरत येणारी गिटार. गळा थांबतो तिथून गिटार पुढे नेते, सारंगीनं साथ करावी तशी. ते संपलं, क्षणभर शांतता, मग दुसऱ्या तबकडीची खरखर आणि केसरबाई केरकर, 'जात कहाँ हो', भैरवी.

व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ मध्ये अंतराळात जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर ही दोन्ही आहेत, हे मला ठाऊक होतं. पण एकापाठोपाठ एक कधी ऐकली नव्हती. केसरबाईंच्या वाट्याला साडेतीन मिनिटं. त्यात घाई कुठेच नाही, आवाज सगळीकडे सारखाच भरदार. मी डोळे मिटून एकच गोष्ट शोधत होतो, ती श्वास कुठे घेते. सापडली नाही. जॉन्सनचा मात्र प्रत्येक श्वास ऐकू येतो.

शफल बंद केलं. जॉन्सन पुन्हा लावला, मग केसरबाई. दोघांना एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय. त्याला नाव अजून सुचलेलं नाही.