केनियात अनाथाश्रम बांधायला सहकुटुंब मिशन ट्रिप : जावं, की पैसे पाठवावेत?

मोहरीचा दाणा
सर्वांना सलाम. चर्चच्या गटाबरोबर पोराबाळांसकट परदेशी जाऊन अनाथाश्रमाच्या बांधकामाला हात लावावा का, यावर नीट वाद व्हावा म्हणून धागा काढते आहे. हवेतलं बोलणं नको, म्हणून एक नमुना धरू : पश्चिम केनिया, किसुमूजवळचं गाव, ४० मुलांसाठी २० बाय ६ मीटरचं बैठं वसतिगृह, अमेरिकेतून जाणारी तीन-चार मराठी कुटुंबं, मुक्काम दोन आठवडे.

माझं मत, जावं. याकोबाच्या पत्रात (१:२७) अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हा शुद्ध धर्म सांगितलाय. समाचार घ्यायचा तर दारात जावं लागतं, मनीऑर्डर करून भागत नाही. शिवाय हिशोब डोळ्यांसमोर राहतो. गोण्या किती उतरल्या, पत्रा जाड २८ गेजचा आला की पातळ ३२ चा, हे बघायला कुणीतरी उभं असतं. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलाला सेवा म्हणजे काय हे रविवारच्या शाळेत जेवढं कळतं त्याहून जास्त घमेलं उचलताना कळतं.

ओळंबा
हेतूबद्दल शंका नाही. बांधकामाचं गणित मांडतो.

या मापाला दोन आडव्या भिंती धरून भिंतीची लांबी ६४ मीटर, उंची २.७ मीटर. दारं-खिडक्या वजा जाता साधारण १५० चौरस मीटर. ३९० बाय १९० मिलिमीटरचा ब्लॉक चौरस मीटरला साडेबारा लागतो, म्हणजे फुटतूट धरून २,००० ब्लॉक. तिथला चांगला गवंडी, स्वाहिलीत फुंडी, हाताखाली एक बिगारी असला की दिवसाला शंभर-सव्वाशे ब्लॉक लावतो. चार फुंडी चार-पाच दिवसांत भिंती उभ्या करतात. नवख्याने दिवसाला तीस लावले तरी पुष्कळ, त्यातही बरेच ओळंब्यात नसतात आणि काढून पुन्हा लावावे लागतात.

खरा वेळ काँक्रीट मुरायला लागतो. पाया, मग भिंती, मग रिंग बीम, म्हणजे भिंतींच्या माथ्यावरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. बीमवर निदान सात दिवस पाणी मारल्याशिवाय छताचा भार टाकायचा नाही. पायापासून पत्र्यापर्यंत सगळं चौदा दिवसांत उरकायचं ठरलं की कात्री नेमकी याच सात दिवसांना लागते, कारण शेवटच्या रविवारी अर्पणविधी आणि फोटो ठरलेले असतात.

जमीनही पाहा. किसुमूच्या पूर्वेला कानोच्या सपाटीत काळी माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच. पावसात फुगते, कोरड्या हंगामात भेगाळते. ती उकरून मुरमापर्यंत जायचं आणि मग दगडाचं सोलिंग करायचं. दोन फुटांवर समाधान मानलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, एका टोकाला बोट जाईल एवढी आणि दुसऱ्या टोकाला केसाएवढी. गिलावा करून बुजवली तरी पुढच्या कोरड्या हंगामात तिथंच उघडते.

छताचंही तसंच. वॉशरचा खिळा पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा असतो. हौशी माणूस तो खोलगट भागात मारतो, कारण तिथे पत्रा लाकडाला टेकलेला असतो आणि खिळा सरळ बसतो. पाणी मात्र त्याच भागातून वाहतं. असे चाळीस-पन्नास खिळे पडले की खालच्या गाद्या भिजल्याच.

चौघांच्या विमानाचे ६,००० डॉलर धरा. डॉलरला १२९ शिलिंगच्या दराने पावणेआठ लाख शिलिंग होतात. गोणी साडेसातशेला धरली तर हजार गोण्या सिमेंट. या अख्ख्या वसतिगृहाला याच्या निम्म्यानेही लागणार नाही.

लेकुरवाळी
ओळंबादादा, भिंत ओळंब्यात आली तरी माझा आक्षेप उरतोच. मुळात अनाथाश्रम कशासाठी?

केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. पुढे २०२२ चा बाल कायदा आला, २०२२ ते २०३२ चं बालसंगोपन सुधारणा धोरण आलं. दिशा स्पष्ट आहे : मूल नातेवाइकांकडे किंवा पालक कुटुंबात वाढावं, संस्था हा शेवटचा आणि तात्पुरता उपाय. त्यामुळे ४० खाटांचं नवं वसतिगृह आधी कागदावरच अडकायला हवं. अडकत नसेल तर जास्त काळजी करा.

आश्रमातल्या मुलांना आपण अनाथ म्हणतो, पण त्यांतल्या बहुतेकांची आई किंवा बाप हयात असतो. हैतीत हे प्रमाण सुमारे ८० टक्के असल्याचा अंदाज आहे. २०१० च्या भूकंपानंतर ३३ मुलांना तिथून सरहद्दीपार नेताना दहा अमेरिकन बाप्टिस्ट पकडले गेले. त्या मुलांपैकी अनेकांचे आईबाप जिवंत होते. शाळा आणि पोटभर जेवण मिळेल या आशेवर त्यांनी पोरं हवाली केली होती. केनियातही मूल घर सोडतं ते याच कारणांनी : फी, गणवेश, दोन वेळची उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचं तिथलं रोजचं जेवण. ४० खाटा घातल्या की त्या भरायला ४० मुलं शोधली जातात.

आणि लहान जिवावर होणारा परिणाम मोजलेला आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ मुलांवर अभ्यास झाला. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत पालक कुटुंबात गेली, ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बुद्धीच्या वाढीत आणि जिव्हाळा जोडण्यात पुढे निघाली. अशा मुलांना दर दोन आठवड्यांनी नवा गट येऊन कडेवर घेतो आणि विमानात बसून निघून जातो. याला मी समाचार म्हणणार नाही.

मोहरीचा दाणा
ताई, आकडे मान्य. पण किसुमू, सियाया, होमा बे हे केनियातले एचआयव्हीचा सर्वाधिक भार असलेले जिल्हे. तिथे दोन्ही पालक गेलेली मुलं खरोखर आहेत. सत्तरीची आजी पाच नातवंडं सांभाळते आणि तिला स्वतःलाच दिसत नाही, अशा घरात धोरण काय करणार? काकाच्या घरी मार खाणारं मूल कुठे जाणार?

आणि केडगाव विसरू नका. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या नसत्या तर त्या रस्त्यावर मेल्या असत्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या भिंती परदेशी पैशांवरच उभ्या राहिल्या.

लेकुरवाळी
केडगावचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन झालं ते दहा वर्षं पैसे देण्याचं वचन देऊन. काय बांधायचं, कुणाला ठेवायचं, हे रमाबाई ठरवत होत्या. त्या मुलींमध्येच राहिल्या, त्यांना विणकाम आणि छपाई शिकवली. माझी मागणी तेवढीच आहे : दहा वर्षं द्या, आणि निर्णय तिथल्या माणसांकडे ठेवा.

मार खाणाऱ्या मुलाला आसरा हवाच. तो आठ-दहा खाटांचा, ठरावीक मुदतीचा आणि बाल अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा. आजीच्या बाबतीत आकडा बोलतो. केनिया सरकार अनाथ आणि निराधार मुलं सांभाळणाऱ्या घराला महिन्याला २,००० शिलिंग देतं, म्हणजे साधारण साडेपंधरा डॉलर. तुमच्या चार तिकिटांच्या पैशांत तेवढीच भर ३२ घरांना वर्षभर पडते. वसतिगृहाची इमारत एकदाच बांधायची, पण ४० मुलांना दिवसरात्र सांभाळायला आठ-दहा माणसं, त्यांचे पगार, जेवण, औषधं दर महिन्याला लागतात. उद्घाटनाच्या फलकावर याचा उल्लेख नसतो.

वाटसरू
कागदपत्रांकडे कुणी पाहिलं नाही म्हणून थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाला ऑनलाइन प्रवासमंजुरी लागते. ती पर्यटनासाठी घेऊन काम करणं चालत नाही. धर्मादाय कामाला वेगळा परवाना किंवा अल्पमुदतीचा स्पेशल पास काढा, बिनपगारी असलात तरी. पुण्या-मुंबईहून कुणी गटात येणार असेल तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निदान दहा दिवस आधी घ्या, परतताना भारतात तो दाखला मागतात. मलेरियाच्या गोळ्या मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरकडून लिहून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या सामानात नकोत, तिथे २०१७ पासून बंदी आहे.

मोहरीचा दाणा
वसतिगृहाचा आग्रह मी सोडते. अर्पणविधीची तारीखही सोडते. जाणं मात्र सोडणार नाही. महिन्याला साडेपंधरा डॉलर हा कागदावरचा आकडा आहे. त्या आजीच्या चुलीशी बसून आलेलं कुटुंब तो दहा वर्षं भरेल, न गेलेलं दुसऱ्या वर्षी विसरेल, असं मला मनापासून वाटतं. ओळंबासाहेब, कुटुंबाने हाताने करावं आणि फुंडीचा रोजगारही बुडू नये, असं एखादं काम सांगा.

ओळंबा
आजीच्या घराला पन्हाळी आणि पाण्याची टाकी. ३० चौरस मीटर पत्रा असेल तर २० मिलिमीटरच्या एका पावसात, गळती-उडती वजा जाता, ४८० लिटर पाणी मिळतं. नातीच्या पाण्याच्या चोवीस खेपा वाचतात, २० लिटरचा कॅन धरून.

टाकीचा चौथरा फुंडीकडून करून घ्या. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, चौथरा खचला की नळाच्या जोडापाशी टाकी फुटते. पन्हाळी टांगायचे आकडे (हुक) ठोकणं, दोरी बांधून उतार काढणं आणि पाइप जोडणं तुमच्या मुलांना जमेल. उतार मीटरला एक सेंटिमीटर, आकडे ६० ते ७५ सेंटिमीटरवर. पहिल्या पावसाचं पाणी पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते बाजूला काढायला खाली बूच असलेला उभा पाइप ठेवा. आणि ते बूच दर पावसानंतर उघडायचं असतं, हे आजीला नव्हे, नातीला शिकवा. आजीला दिसत नाही असं तुम्हीच म्हणालात.