मदत हवी आहे : काळजीत असलो की निर्णय 'उरकून' टाकतो, आणि दसऱ्याआधी करारावर सही करायची आहे

नमस्कार. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे. दोनेकशे कलमं, त्यातली निम्मी आजोबांच्या हातची. माझं वय ४६. सातबारावर अकरा नावं, राबणारा मी एकटा. बाकीचे दहा गणपतीत येतात, सल्ले देतात आणि कोकणकन्येने परत जातात. (तक्रार नाही, परिस्थिती सांगतोय.)

यंदा फेब्रुवारीत आठवडाभर मळभ होतं. मोहर छान आलेला, कैरी सुपारीएवढी झालेली आणि तुडतुड्याची कीड दिसायला लागली. पहाटे तीनला उठून मोबाइलवर हवामान बघायचो. साडेतीनला परत, चारला परत. अर्ध्या तासात अंदाज काय बदलणार, हे कळत होतं. पाचव्या दिवशी एक व्यापारी आला आणि मी उभी बाग त्याला उक्ती, म्हणजे आंबा न मोजता एकरकमी, देऊन टाकली. घासाघीससुद्धा केली नाही. दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. पुढे त्याने वाशीला किती पेट्या धाडल्या ते मी मोजलं नाही, बायकोने मोजलं.

सौदे फसतात, त्याचं काही नाही. खटकतं ते वेगळंच. बाग दिली त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो. आपण म्हणतो ना, 'करून मोकळा हो'? माझं सगळं लक्ष त्या 'मोकळा हो'वर असतं. मग मागचं आठवत गेलो. मुलाचं कॉलेज, विहिरीवरचा पंप, बहिणीच्या हिश्शाचा कागद, सगळीकडे हेच. काळजी असह्य झाली की समोर येईल त्याला 'हो' म्हणून सुटायचं.

गंमत म्हणजे मी घाबरट नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं, त्याच्या आदल्या दिवशी गडी जमवून तयार आंबा घळीने उतरवला, क्रेट माळ्यावर चढवले, पडवीचे पत्रे दोरांनी बांधले. हात एकदा थरथरला नाही. वादळात डोकं चालतं आणि मळभात बंद पडतं, हे काय आहे?

आता मुद्द्याचं. दुसऱ्या एका व्यापाऱ्याला तीन हंगाम बाग कराराने हवी आहे. खत, फवारणी, राखण सगळं त्याचं, मला दरवर्षी ठरीव रक्कम. दसऱ्याला उत्तर हवंय. पुन्हा पहाटे तीनला जाग यायला लागली आहे.

आई म्हणाली, देवळात कौल लाव. गेलो. गुरवाने देवाच्या मूर्तीला कळे लावायच्या आधी (उजवीकडचा पडतो की डावीकडचा, त्यावरून कौल समजतात) विचारलं, "नेमकं काय विचारायचं देवाला?" मला सांगताच येईना. बाग देऊ का, की रक्कम बरोबर आहे का, की मला झोप लागेल का? तो म्हणाला, "देव उजवा-डावा देईल, पण प्रश्न एकच हवा. ठरवून ये." तसाच परतलो.

तेव्हा विचारतो :
– असा अनुभव कुणाला आहे का, आणि नेमकं काय केल्याने फरक पडला? ('टेन्शन घेऊ नका' सोडून.)
– डॉक्टरकडे जाण्याइतकं हे आहे का?
– करारात काय लिहून घ्यावं?

कातळफूल : मी मानसशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तुमच्या वादळ-मळभाच्या कोड्यावर ११५ वर्षांहून जुना प्रयोग आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन दोन डब्यांतला फरक ओळखायला शिकवलं. फरक ढळढळीत असेल तर झटका जोरदार असताना उंदीर लवकर शिकले. फरक बारीक असेल तेव्हा मात्र जोरदार झटक्याने शिकणं लांबलं. आंबा उतरवणं, दोर बांधणं हे पहिल्या प्रकारातलं. तीन वर्षांचा करार दुसऱ्या. त्यासाठी कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, शांत लागतो, आणि ताणाच्या रसायनांनी आधी तोच मंदावतो. मग सूत्रं जातात भीतीकडे आणि सवयीकडे. तुमची सवय 'हो' म्हणायची आहे, एवढंच.

आणखी एक. तामिळनाडूतल्या ऊसकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ साली 'सायन्स'मध्ये आला होता. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात आखडलेले असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर तशाच प्रकारची कोडी दिली. आधीचे गुण कमी. माणसं तीच होती, म्हणून स्वतःला मूर्ख ठरवू नका.

भरतीओहोटी : डॉक्टरकडे जाच. पहाटेची जाग, तेच तेच तपासत राहणं आठवडेच्या आठवडे चालत असेल तर दाखवण्याइतकं नक्कीच आहे. थायरॉइडही तपासा, माझं तेच निघालं होतं. लांब पडत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

आढीतला आंबा : करार तीनच वर्षांचा असल्याने घेणारा झाड पिळून काढू शकतो, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात आळ्यात कल्टार (पालवी रोखून मोहर आणणारं औषध) किती घालायचं ते कलमाच्या विस्तारावरून ठरतं. जास्त घातलं तर पालवी खुंटते, तीन वर्षं मोहर भरघोस आणि चौथ्या वर्षी कलम दमलेलं. मात्रा करारात लिहून घ्या आणि घालताना स्वतः उभे राहा. दुसरं, उक्त्याचा किमान आकडा मी ऑगस्टमध्येच वहीत लिहितो आणि वही वहिनीकडे देतो. फेब्रुवारीत आकडा बदलायचा तर तिच्याकडे मागायला जावं लागतं. ती देत नाही.

कातळफूल : वही झकास! एक शंका मात्र. 'नंतर बघू' म्हणून ढकलणं हीसुद्धा मोकळं व्हायचीच वाट असू शकते. ढकललंत तर तारीख घालून ढकला.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. वहीचं बायकोला सांगितलं, ती इतकी हसली की मला थोडा रागच आला. आकडा दोघांनी मिळून लिहिला, तो व्यापाऱ्याच्या रकमेपेक्षा बराच वर निघाला. आज त्याला फोन करून सांगितलं, तुळशीच्या लग्नापर्यंत थांब. तो म्हणाला, तेव्हा हाच भाव राहील असं समजू नका. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला, पण पुन्हा लावला नाही. सोमवारी डॉक्टरकडे जातोय.

कल्टारच्या मात्रेचं कलम करारात घातलेला कुणाकडे नमुना असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.