आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऐकायला काय द्यावं? (बजेट ७०० रु.)

मुगाची_उसळ
मंडळी, आईच्या (वय ७१) डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. उजवा पुढच्या महिन्यात. जुना चष्मा आता चालत नाही, नवा इतक्यात मिळणार नाही. आई निवृत्त शिक्षिका, वाचनालयाची जुनी सभासद. वाचन बंद झाल्यापासून काळा चष्मा लावून बसते आणि घरातल्या प्रत्येकाच्या चुका काढते. मालिका तिला चालत नाहीत. ऐकण्यासारखं काही सुचवा. ७०० च्या वर जायचं नाही, प्लीज.

पेठेतला_काका
लेन्स कुठली टाकली? मी मल्टिफोकल टाकून घेतली. खर्च झाला, पण पेपर बिनचष्म्याचा वाचतो. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेवढं चालायचंच.

कंदी_पेढा
काका, त्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय. आता लेन्स बदलून आणायला ती काय वांगी आहेत?
ताई, स्टोरीटेल घ्या. सासूबाईंनी त्यावर एवढाल्या कादंबऱ्या संपवल्या. फक्त झोप लागली की गोष्ट पुढे जाते, मग सकाळी "कुठवर आलं होतं गं?" सुरू. स्लीप टायमर लावून द्या.

होम_थेटर
सरळ ५५ इंची टीव्ही घ्या. सेलमध्ये ३५ हजारांपर्यंत बसतो. आम्ही बाबांसाठी घेतला, आता 'सिंहासन' बघताना अरुण सरनाईक घरात येऊन बसल्यासारखे वाटतात.

मुगाची_उसळ
३५ हजार?? वर बजेट लिहिलंय हो.

व्हऱ्हाडी_ठेचा
७०० तरी काहून घालवता बाप्पा? यूट्यूबवर कथाकथन फुकट आहे. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर, तिघं मिळून गावोगाव कथा सांगत फिरायचे. मिरासदारांपासून सुरुवात करा. वपुंच्या कॅसेटी आमच्या घरी घासून गेल्या होत्या, तेही लावा. मात्र आधी मोबाइलवरच्या जाहिरातींचा बंदोबस्त करा.

दिगू_फॅन
'सिंहासन' निघालंच आहे तर सांगतो, सिनेमापेक्षा कादंबरी कितीतरी मोठी आहे.

होम_थेटर
कुठली कादंबरी? सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, साल १९७९. आधी माहिती घ्या.

दिगू_फॅन
माहीत आहे. मी दोन्ही वाचल्यात, तुम्ही ५५ इंचावर बघितलंय.

वॉर्ड_नंबर_चार
मी नेत्रविभागात काम करते. वाचल्याने नवीन लेन्स खराब होत नाही. एका डोळ्यात नवी लेन्स, दुसऱ्यात मोतीबिंदू आणि जवळचा नंबर नाही, म्हणून अक्षरं पुसट दिसतात आणि डोकं चढतं. नंबर स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, पक्का चष्मा त्यानंतर. तोपर्यंत रेडिमेड वाचायचा चष्मा चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, दीडदोनशेत येतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. डोळा चोळायचा नाही. दुखायला लागला, लाल झाला किंवा दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट बघू नका.

पेठेतला_काका
मला कोणी ५ मिनिटांचं सांगितलं नव्हतं. एवढे पैसे घेतात!

कोकणी_मेवा
यूट्यूबवर कथाकथन असतं बघा, मिरासदारांचं वगैरे. कोणी सांगितलं का?

व्हऱ्हाडी_ठेचा
नाही हो, कोणीच नाही सांगितलं 🙏

मुगाची_उसळ
सगळ्यांचे आभार. वॉर्ड ताई, डॉक्टरांना विचारलं. दुसरा डोळा होईपर्यंत रेडिमेड चष्मा चालेल म्हणाले. आणला, तर आई म्हणते यात मी घुबड दिसते. तो टीव्हीवर पडून आहे. स्टोरीटेल ऐकवून बघितलं, "हा माणूस फार नाटकी वाचतो." कथाकथनाला "हे मला पाठ आहे."
शेवटी तिनेच मार्ग काढला. भाचा नववीत, इंग्रजी शाळेत. त्याला संध्याकाळी समोर बसवून 'बनगरवाडी' वाचून घेते. पानाला २ रुपये, अडखळला की तेच पान फुकटात पुन्हा. काल मेंढरांपाशी आला आणि 'ढ' म्हणताना 'ड' म्हणाला, तिथेच अर्धा तास गेला. चष्म्याचे वजा जाता उरलेलं बजेट त्याच्या खिशात चाललंय.

कंदी_पेढा
२ रुपये फार कमी आहेत. आमच्याकडे मुलं ग्लासभर पाणी आणायचे ५ घेतात.

होम_थेटर
'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांचा सिनेमा आहे. मोठ्या स्क्रीनवर तो माळ काय दिसतो!